तापणारा लॅपटॉप, घरघरणारा पंखा

लॅपटॉप तापतो आणि त्याचा पंखा घरघरतो, ही तक्रार जुनीच. २०२० नंतर मात्र ती घराघरांत पोचली. ऑफिसचं काम, शाळेचे तास, नोकरीच्या मुलाखती असं सगळंच त्या एका यंत्रावर आलं, आणि कॉल जरा लांबला की पंख्याचा आवाज पलीकडच्यालाही ऐकू जाऊ लागला. त्यावर मिळणारे सल्ले एकमेकांना छेद देतात. दुरुस्तीवाला म्हणतो, पेस्ट बदलून घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, एवढं तापणं नॉर्मल आहे. मित्र कूलिंग पॅड घ्यायला सांगतो, तर ऑफिसातला आयटीवाला म्हणतो, एक सेटिंग बदला की झालं. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपला लागू पडतो. कुठला केव्हा, आणि कशाबद्दल जाणकारांचंच अजून एकमत नाही, ते इथे मांडायचं आहे.

इथवर कसे आलो

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती तीस-एक वर्षं फारशी छळत नव्हती, कारण १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला एक नियम कामी येत होता. ट्रान्झिस्टर लहान करत नेला की त्याला लागणारं व्होल्टेज आणि करंटही त्याच प्रमाणात उतरतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीही जास्त ट्रान्झिस्टर बसवले, तरी त्या जागेत निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. पण ट्रान्झिस्टर फारच लहान झाले, तेव्हा ते बंद असतानाही करंट झिरपायला लागला आणि व्होल्टेज आणखी खाली आणता येईना. २००१ मध्ये इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी इशारा दिला होता, की हे असंच चालू राहिलं तर चिपच्या तेवढ्याशा पृष्ठभागावरची उष्णता अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळकांड्याच्या पातळीला जाईल. २००४ मध्ये आलेला प्रेस्कॉट जातीचा पेंटियम ४ तापण्यासाठीच बदनाम झाला. त्याच्या पुढची ‘तेजस’ ही चिप इंटेलने त्याच वर्षी रद्द केली. २००५-०६ च्या सुमाराला डेनार्ड यांचा नियम व्यवहारात संपला, असं आता सर्वसाधारणपणे मानलं जातं.

लॅपटॉपपुरता एक वेगळा रस्ता तोवर निघालेला होता. इस्राएलमधल्या हैफाच्या इंटेल केंद्रात तयार झालेला पेंटियम एम २००३ मध्ये आला. घड्याळाचा वेग कमी ठेवायचा आणि प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकायचं, ही त्याची रीत होती. पुढच्या कोअर मालिकेने तीच उचलली. म्हणजे काही काळ गाडी थंडाव्याच्या दिशेने चालली होती.

मग दोन गोष्टी एकदम घडल्या. २००८ च्या जानेवारीत पहिला मॅकबुक एअर आला, २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ची कल्पना पुढे आणली, आणि बारीक असणं हा लॅपटॉपचा मोठा गुण ठरला. दुसरीकडे २००८ च्याच शेवटाला टर्बो बूस्ट आला. गरज पडली की प्रोसेसर थोडा वेळ आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेच्या वर जातो, काम उरकतो आणि खाली येतो. कल्पना उत्तम आहे, पण तो किती वर जातो ते बघा. २०२२ च्या कोअर आय७-१२५५यू या चिपचा मूळ आकडा १५ वॅट, आणि टर्बोतला कमाल आकडा ५५ वॅट. जाड डब्यातल्या ५५ वॅटची कोणाला खबरही लागली नसती. दीड सेंटिमीटरच्या पत्र्याखाली मात्र पंख्याला बोंब मारावीच लागते. आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या जोडीत आहे, असं मला वाटतं.

झाकण उघडल्यावर

तळाचे स्क्रू काढून झाकण उचललं, की तांब्याची एक चपटी नळी दिसते. प्रोसेसरवर दाबून बसवलेल्या पट्टीपासून निघून ती कोपऱ्यातल्या पंख्यापर्यंत जाते. हीच हीट पाइप. आत अगदी थोडं पाणी असतं, तेही हवा काढून घेतलेल्या पोकळीत, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. वाफ पंख्याकडच्या टोकाला जाते, तिथे थंड होऊन तिचं पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून ते पुन्हा मागे ओढलं जातं. यात हलणारा एकही भाग नाही. पंख्याकडच्या टोकाला कागदासारख्या पातळ पत्र्यांची दाट जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा ढकलतो.

दोन-तीन वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत राखाडी नमद्याची सबंध पट्टी बसलेली सापडते. धूळ, कपड्यांचे तंतू, केस, घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांची लव, असं सगळं दाबून तिथे तयार झालेलं असतं. चिमट्याने धरून ओढलं तर बरेचदा ती अखंड निघते. बाहेरून झडपांवर फुंकर मारून ती हलत नाही, उलट जाळीत आणखी घट्ट बसते. इतकी साधी गोष्ट इतक्या लॅपटॉपांचा जीव घुसमटवते, म्हणून ती आधी सांगितली.

आवाजाचं गणितही इथेच लक्षात घ्यायला हवं. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट जाते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. १० डेसिबलची वाढ कानाला दुप्पट भासते. त्यामुळे वेग थोडासा उतरवता आला तरी कानाला त्याचा फरक मोठा जाणवतो. शिवाय सगळा आवाज पंख्याच्या हवेचा नसतो. एकसारखा ‘सूं’ असा येतो तो हवेचा. खरखर किंवा टकटक येत असेल तर पंख्याची बेअरिंग झिजली आहे आणि साफसफाईने ती बरी होणार नाही, पंखाच बदलावा लागेल. अगदी बारीक शिट्टीसारखा सूर बोर्डावरच्या कॉइलमधून येतो. तो त्रासदायक असला तरी धोक्याचा नसतो.

मतांच्या तीन बाजू

पहिली बाजू चिप आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांची. त्यांचं म्हणणं असं, की प्रोसेसर बहुधा १०० अंश सेल्सियसच्या आसपासची मर्यादा धरूनच घडवलेला असतो. ती गाठली की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद होते. ९० अंश दिसले म्हणून घाबरण्याचं कारण नाही. मोकळी असलेली क्षमता वापरून काम झटकन संपवावं आणि लवकर झोपी जावं, यातच एकूण वीज वाचते. ही बाजू तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे. तिचा कमकुवत दुवा असा, की ती फक्त प्रोसेसरबद्दल बोलते. लॅपटॉपात बॅटरी असते, पंखा असतो, शेकडो डाख असतात आणि वर माणसाचा तळहात असतो.

दुसरी बाजू दुरुस्ती करणाऱ्यांची आणि यंत्र वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा, उष्णतेने मशिनी मरतात असंच तो सांगेल. याला मोठा दाखलाही आहे. २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी व्हायला लागल्या. तापणं-निवणं सतत चालल्यामुळे चिपच्या पॅकेजिंगमधले सांधे तडकत होते, आणि कंपनीला त्यासाठी सुमारे वीस कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. या बाजूची अडचण अशी, की दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर बिघडलेल्याच मशिनी येतात. तेवढ्याच तापून दहा वर्षं चाललेल्या त्याला दिसत नाहीत.

तिसरी बाजू म्हणते, वेगाचा शेवटचा तुकडा सोडून द्या. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि त्यातही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वरचा वेग गाठायला व्होल्टेज चढवावं लागतं, म्हणून शेवटच्या दहा-पंधरा टक्के वेगाची किंमत फार मोठी पडते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के ठेवली, की पुष्कळ लॅपटॉपांत टर्बो बंद होतो. आकडा एकाने बदलला, पण पंखा लगेच गप्प होतो. अनेक नव्या मशिनींत ही सेटिंग दिसत नाही. तिथे बेस्ट पॉवर एफिशियन्सी किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला सायलेंट मोड जवळपास तेच काम करतो. मॅकमध्ये लो पॉवर मोड आहे. पत्रं, हिशेब, वाचन, मीटिंग एवढं काम असणाऱ्याला फरक कळतही नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठा कोड कंपाइल करणाऱ्याला तो लगेच कळेल, आणि टर्बोचे पैसे त्याने मोजलेले असतात, हेही खरं.

याच बाजूत अंडरव्होल्टिंग करणारे येतात. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवायचं. पूर्वी थ्रॉटलस्टॉपसारख्या प्रोग्रॅमने हे सहज व्हायचं. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड झाली. व्होल्टेज मुद्दाम बिघडवून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातलं गुपित काढता येतं, असं संशोधकांनी दाखवलं. त्यावरच्या उपायात इंटेलने ही दारं बंद करण्याची सोय दिली आणि अनेक लॅपटॉप कंपन्यांनी ती बंद करूनही टाकली. सुरक्षेसाठी ते योग्य होतं, तरी हजारो लोकांच्या हातून गप्प लॅपटॉपचा एक फुकट उपाय गेला. हा वाद आजही मिटलेला नाही.

उपायांचा क्रम

या तिन्ही बाजूंत कितीही मतभेद असले तरी एका बाबतीत त्यांचं पटेल: आधी कारण शोधावं, खर्च मागाहून.

टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की कोण खातंय ते दिसतं. काहीच उघडलेलं नसताना पंखा जोरात असेल तर बहुधा अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन किंवा फाइलींचं इंडेक्सिंग चालू असतं. मशीन चालू ठेवून तासभर थांबलं की ते आपोआप संपतं. मॅकवर केर्नल टास्क भरपूर सीपीयू घेताना दिसला तर तो गुन्हेगार समजू नये. प्रोसेसर निवावा म्हणून मॅकच त्याला इतर कामांपासून दूर ठेवत असतो. व्हिडिओ कॉलमध्ये पाठीमागचं दृश्य धूसर करणारा इफेक्ट बंद केल्याने अनेकांचा त्रास कमी होतो. आणखी एक कारण फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. गेमिंग लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला की बऱ्याच मॉडेलांत मोठी ग्राफिक्स चिप जागी राहते, कारण एचडीएमआयचं पोर्ट तिलाच जोडलेलं असतं. मग नुसती एक्सेल शीट उघडी असली तरी पंखा चालतो.

दुसरी पायरी हवेची. बहुतेक लॅपटॉप तळातून हवा घेतात. गादीवर, रजईवर, मांडीवरच्या उशीवर ठेवला की ती वाट बंद होते. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी फरक पडतो. कूलिंग पॅडबद्दल मतं वेगळी आहेत आणि ती वेगळी असणारच. तळाला मोठ्या झडपा असतील आणि पॅडचे पंखे बरोबर त्यांच्याखाली येत असतील तर उपयोग होतो. तळ बंद असेल तर पॅड म्हणजे आणखी एक आवाज. माझ्या मते त्यावर पैसे घालण्याआधी दोन पुस्तकं मागे लावून बघावीत.

मग साफसफाई. झाकण उघडायचं असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात, मशीन बंद करून बॅटरीचं कनेक्शन काढावं, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत. नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

पेस्टचा क्रमांक यानंतर लागतो. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यातली केसाएवढी फट भरण्यासाठी ती असते. तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात ती हळूहळू कडेला ढकलली जाते किंवा वाळते. किती वर्षांनी बदलावी यावर दुरुस्तीवाल्यांतच एकमत नाही. दोन वर्षं म्हणणारे आहेत, तसे बिघडेपर्यंत हात लावू नका म्हणणारेही. अलीकडे हनीवेलच्या पीटीएम७९५० सारख्या पातळ चकत्यांकडे ओढा दिसतो. त्या साध्या तापमानाला घट्ट असतात, ४५ अंशांच्या सुमाराला मऊ होऊन फट भरतात आणि पेस्टसारख्या लवकर बाहेर पडत नाहीत. गॅलियमचा लिक्विड मेटल उष्णता त्याहून चांगली वाहून नेतो, पण तो ॲल्युमिनियम खातो आणि वीजवाहक असल्याने थेंब सांडला तर बोर्ड जातो. घरी हा प्रयोग करू नये.

वैशाख, बॅटरी आणि मांडी

कंपन्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान सहसा ३५ अंशांपर्यंत धरतात. ॲपलही मॅकबुकसाठी १० ते ३५ असंच सांगते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४० सहज असतात. पंखा चिपचं तापमान खोलीच्या खाली आणू शकत नाही, तो फक्त दोन्हींतलं अंतर आटोक्यात ठेवतो. २५ अंशांच्या खोलीत चिप ८५ वर चालत असेल, तर तेच काम, तोच पंखा ४२ अंशांत तिला १०० च्या पलीकडे नेईल. म्हणजे वेग कापला जाणार. विदर्भातला विद्यार्थी उन्हाळ्यात लॅपटॉप हँग होतो म्हणतो, तेव्हा मशीन खराब असेलच असं नाही. त्याने जड काम सकाळी उरकावं, दुपारी टर्बो बंद ठेवावा. कूलरसमोर बसायला हरकत नाही, मात्र थेंब उडत नाहीत ना एवढं बघावं.

बॅटरीबाबत मात्र वाद नाही. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि ती पूर्ण भरलेली असेल तर अधिकच. दिवसभर चार्जरला लावून काम करणाऱ्याने चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. ही सोय आता बहुतेक कंपन्या देतात. विंडोजचा लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून लगेच बॅगेत कोंबू नये. नव्या मशिनींची स्लीप पूर्ण झोप नसते, आतल्या आत जागे होऊन त्या बंद बॅगेत तापतात. प्रवासाला निघताना शट डाउन किंवा हायबरनेट करावं.

शरीराच्या बाबतीत काही गोष्टी ठाऊक आहेत. २०१० मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद आली. लॅपटॉप मांडीवर ठेवून रोज तासन्‌तास गेम खेळल्याने त्याच्या मांडीवर जाळीसारखे डाग उमटले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या येफिम शेनकिन यांच्या गटाने २९ निरोगी पुरुषांवर केलेल्या चाचणीत, तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्यास वृषणकोशाचं तापमान सुमारे २.६ ते २.८ अंशांनी चढल्याचं दिसलं. त्यातला बराचसा भाग पाय जुळवून बसण्यामुळेच असतो. यातून प्रत्यक्ष प्रजननक्षमता किती घटते, ते मात्र या चाचणीतून सिद्ध होत नाही. तोवर टेबल वापरणं सोपं.

चिपच बदलली तर?

२०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने एम१ चिपचा मॅकबुक एअर आणला. त्यात पंखाच नव्हता, आणि तरीही तो आदल्या पंखावाल्या एअरपेक्षा कितीतरी वेगवान निघाला. हे यश एकट्या डिझाइनचं नव्हतं, तैवानच्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर तंत्राचंही होतं. २०२४ मध्ये क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एक्स एलिट आणि इंटेलचा लुनार लेक त्याच वाटेने आले. वादाचं वजन यामुळे बदललं. बारीकपणा हवा तर आवाज सोसा, हे उत्तर आता पुरेसं राहिलं नाही. पण पंखा नसलेलं यंत्रही लांबलेल्या कामात वेग कापतं, फक्त मुकाट्याने. जड काम रोजचं असेल तर पंखा असलेलंच घ्यावं.

पंख्यालाच पर्याय शोधणंही चालू आहे. फ्रोर सिस्टम्सने २०२२ मध्ये दाखवलेला एअरजेट कंप पावणाऱ्या पातळ पडद्यांनी हवा ढकलतो आणि जवळजवळ आवाज करत नाही. त्याचा एक लहान तुकडा सुमारे ५ वॅट उष्णता काढतो. २८ वॅटच्या चिपला असे अनेक लागतील, आणि किमतीचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

न सुटलेलं

चिप वर्षानुवर्षं ९५ अंशांवर चालवली तर लॅपटॉपचं आयुष्य नेमकं किती घटतं, याचं उत्तर कंपन्यांच्या बिघाडाच्या नोंदींत आहे आणि त्या सहसा बाहेर येत नाहीत. त्यामुळे पहिल्या दोन बाजूंचा वाद पुराव्याअभावी अडला आहे. साफसफाई आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत की नाही, हा प्रश्नही अर्ध्यावर आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण मूळ पंखा किंवा हीट पाइप वाजवी दरात मिळेलच, याची हमी त्याने मिळत नाही.

मला सगळ्यांत खटकते ती माहितीची दडवादडवी. आरटीएक्स ३०६० या एकाच नावाची लॅपटॉप ग्राफिक्स चिप ६० वॅटवरही चालवता येते आणि ११५ वरही. प्रोसेसरचं तेच. नाव एक, पण कुठली कंपनी त्याला किती वॅट देते आणि किती वेळ, ते दुकानातल्या पाटीवर नसतं. संगणकाचा आवाज कसा मोजायचा आणि कसा जाहीर करायचा, याची आंतरराष्ट्रीय मानकं (आयएसओ ७७७९ आणि ९२९६) अस्तित्वात आहेत. फ्रीजवर ताऱ्यांचं लेबल असतं, एसीच्या माहितीपत्रकात डेसिबलचा आकडा असतो, मग आठ-दहा तास तोंडासमोर चालणाऱ्या यंत्रावर का नसावा? सलग अर्धा तास भार दिल्यावर किती वॅट टिकतात आणि पंखा किती डेसिबल करतो, हे दोन आकडे प्रत्येक खोक्यावर छापणं सक्तीचं करावं. ते होईपर्यंत विकत घेताना दुकानात मशीन पंधरा मिनिटं चालवायला लावा, जड व्हिडिओ किंवा गेम सुरू करा, कीबोर्डवर हात ठेवा आणि कान देऊन पंखा ऐका. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.